ज्यूरीचे बोलावणे आणि पंचाची सही : टाळावे की जावे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. न्यायाच्या कामासाठी, म्हणजे ज्यूरीत (खटला ऐकून आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात) बसायला किंवा पंच वा साक्षीदार म्हणून, सामान्य नागरिकाला बोलावणे आले, तर त्याने जावे की काहीतरी सबब सांगून सुटका करून घ्यावी, हा त्यांतला समान प्रश्न आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत आणि पत्रे जागेअभावी थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा बऱ्याच वर्षांपासून अमेरिकेत टेक्सास राज्यात डॅलसजवळ राहतो. गेल्या वर्षी त्याने तिथले नागरिकत्व घेतले. आता त्याला तिथल्या काउंटीच्या न्यायालयाकडून ज्यूरीच्या कामासाठी हजर राहण्याचे समन्स आले आहे. सूनबाईंचे दिवस भरत आले आहेत आणि मुलाच्या कंपनीतही कामाची धांदल आहे. त्याच्या मित्रमंडळींपैकी एकाने सांगितले की, इंग्रजी कच्चे आहे असे लिहून दे. दुसऱ्याने सांगितले की, पोलिसांवर माझा अजिबात विश्वास नाही असे म्हण, लगेच घरी पाठवतात. तिसरा म्हणाला, समन्स मिळालेच नाही असे समज. मुलाने मला विचारले आहे की, काय करू. माझा कल त्याने जावे याकडे आहे. पण परक्या देशातल्या गोष्टीत मी सोलापुरात बसून सल्ला द्यावा का?
— एक निवृत्त बँक अधिकारी, जुळे सोलापूर

उत्तर : सल्ला जरूर द्यावा, आणि तुमचा कल योग्यच आहे. फक्त त्याने आत्ताच जायला हवे असे नाही. सूनबाईंचे बाळंतपण ही खरी अडचण आहे आणि ती न्यायालयाला उघडपणे कळवता येते. समन्ससोबत येणाऱ्या प्रश्नावलीत किंवा न्यायालयाच्या संकेतस्थळावर तारीख पुढे ढकलण्याची सोय असते. पहिल्यांदा केलेली अशी विनंती सहसा मान्य होते आणि काही महिन्यांनंतरची तारीख मिळते. वयोवृद्ध, विद्यार्थी, आजाऱ्याची शुश्रूषा करणारे, लहान मुलाला सांभाळायला घरात दुसरे कोणी नसलेले, अशांना टेक्सासच्या कायद्याने सूट मागण्याचा हक्कही दिला आहे. कायद्याने ठेवलेली ही वाट वापरणे म्हणजे कर्तव्य टाळणे नव्हे. मित्रांनी सुचवलेल्या तीन वाटांबद्दल मात्र असे म्हणता येणार नाही.

इंग्रजी कच्चे असल्याचे लिहून देण्याचा सल्ला तर जरा गमतीचाच आहे. अमेरिकेचे नागरिकत्व मिळवताना इंग्रजी वाचण्याची, लिहिण्याची आणि बोलण्याची परीक्षा द्यावी लागते, आणि तुमच्या मुलाने ती गेल्याच वर्षी दिली असणार. तिथल्या नागरिकशास्त्राच्या परीक्षेसाठी 2008 पासून वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या शंभर प्रश्नांच्या यादीत, केवळ नागरिकांवरच असलेली एक जबाबदारी सांगा, असा एक प्रश्न आहे, आणि त्याच्या दोन मान्य उत्तरांपैकी एक ज्यूरीवर काम करणे हे आहे. ज्या माणसाने हे पाठ करून नागरिकत्व मिळवले, त्याने वर्षभरातच त्याच सरकारला आपल्याला त्या भाषेत काम जमत नाही असे लिहून देणे शोभत नाही, आणि ते पचेलच याचीही खात्री नाही.

पोलिसांवर विश्वास नसल्याचे सांगण्याच्या सल्ल्यात थोडे तथ्य आहे, म्हणून त्याकडे नीट पाहिले पाहिजे. समन्स आलेल्या माणसांना न्यायालयात आधी एका मोठ्या दालनात बसवतात. मग त्यांतील काही जणांना एखाद्या खटल्यासाठी न्यायाधीशांपुढे नेतात आणि तिथे दोन्ही बाजूंचे वकील त्यांना प्रश्न विचारतात. घरात कोणी पोलीस आहे का, अशा प्रकारच्या गुन्ह्याचा कधी अनुभव आला आहे का, फक्त पोलिसाचीच साक्ष असेल तर तिच्यावर भरवसा ठेवाल का, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असतात. ज्याला निःपक्षपातीपणे विचार करता येणार नाही असे दिसते, त्याला न्यायाधीश कारण नोंदवून वगळतात. याखेरीज प्रत्येक बाजूला कारण न सांगता काही ठरावीक माणसे नाकारण्याचा अधिकार असतो. मात्र केवळ वर्णावरून कोणाला नाकारता येत नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली ठरवून दिले. तेव्हा तुमच्या मुलाचा पोलिसांवर खरोखरच विश्वास नसेल, तर त्याने ते विचारल्यावर अवश्य सांगावे. त्यासाठीच तो प्रश्न असतो. पण ही उत्तरे शपथेवर दिलेली असतात. घरी जायला मिळावे म्हणून शपथेवर खोटे बोलणे हा गुन्हा आहे, आणि नव्याने नागरिक झालेल्या माणसाने तो धोका पत्करण्यात शहाणपणा नाही.

समन्स मिळालेच नाही असे समजणाऱ्यांची संख्या तिथेही कमी नाही. टपालाने आलेल्या पत्राला उत्तर न देणाऱ्या प्रत्येकाच्या मागे न्यायालय हात धुऊन लागते असे नाही, हेही खरे आहे, आणि म्हणूनच हा सल्ला इतक्या सहजपणे दिला जातो. तरीही कायदा स्पष्ट आहे : टेक्सासमध्ये हजर न राहणाऱ्याला शंभर ते एक हजार डॉलर दंड होऊ शकतो, आणि केंद्रीय न्यायालयाचे समन्स असेल तर एक हजार डॉलरपर्यंत दंड, तीन दिवसांपर्यंत कैद किंवा समाजसेवेचे काम, अशी तरतूद आहे.

याच ओघात ग्रीन कार्डवर राहणाऱ्यांच्या सोलापुरातील आईवडिलांसाठी एक सूचना द्यावीशी वाटते. ज्यूरीची यादी मतदार यादीबरोबरच वाहन परवान्यांच्या नोंदींवरूनही तयार होते, त्यामुळे नागरिक नसलेल्यांनाही समन्स येते. त्यांनी ते फेकून देऊ नये आणि हौसेने हजरही होऊ नये. प्रश्नावलीत आपण नागरिक नसल्याची खूण करून ती परत पाठवावी. नागरिक नसताना नागरिक असल्याचे भासवणे पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या मुळावर येऊ शकते. उलट, नागरिक असलेल्याने सुटकेसाठी नागरिक नसल्याची खोटी खूण केली, तर टेक्सासमध्ये ही नावे मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे जातात आणि मतदानाचा हक्क गमावण्याची वेळ येते.

आता नोकरीविषयी. ज्यूरीवर गेल्याबद्दल मालकाला नोकरीवरून काढता येत नाही, असा केंद्राचाही कायदा आहे आणि टेक्सासचाही. पगार देण्याची सक्ती मात्र खासगी मालकावर सर्वसाधारणपणे नसते. टेक्सासमध्ये 2023 पासून पहिल्या दिवसाचे वीस डॉलर आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाचे अठ्ठावन्न डॉलर मिळतात. केंद्रीय न्यायालयात दिवसाला पन्नास डॉलर आहेत. रोजंदारीवर पोट असलेल्या माणसाला हा व्यवहार तोट्याचाच आहे आणि त्याने आर्थिक ओढीचे कारण देऊन सूट मागितली, तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. मोठ्या कंपन्या बहुधा या दिवसांचा पगार कापत नाहीत. तुमच्या मुलाने आपल्या कंपनीचा नियम विचारून घ्यावा. शिवाय समन्स आलेल्यांपैकी पुष्कळ जण कोणत्याही खटल्यावर न बसता त्याच दिवशी घरी परततात. तिथल्या केंद्रीय न्यायालयांत दोषी ठरणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी गुन्हा कबूल करून तडजोड करतात, त्यामुळे खटला प्रत्यक्ष उभा राहण्याची वेळ थोड्या प्रकरणांतच येते.

हे सगळे व्यवहाराचे झाले. मला त्याने जावे असे वाटते, त्याचे कारण वेगळे आहे. ज्यूरीतली खुर्ची कधी रिकामी राहत नाही. तुम्ही गेला नाहीत तर दुसरे कोणीतरी तिथे बसते, आणि आरोपीचे भवितव्य त्या दुसऱ्याच्या हाती जाते. हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. 1897 साली लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात नऊ जणांच्या ज्यूरीतील सहा युरोपीय सभासदांनी त्यांना दोषी ठरवले आणि तीन भारतीय सभासदांनी निर्दोष. 1908 च्या खटल्यात सात युरोपीय आणि दोन पारशी होते, निर्णय सात विरुद्ध दोन असा झाला आणि टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ज्या मराठी लेखांवरून हा खटला होता, ते मुळातून वाचू शकणारी माणसे त्या ज्यूरीत असावीत यासाठी बचाव पक्षाने खास ज्यूरी नेमण्याला आधीच हरकत घेतली होती, ती मान्य झाली नाही. तिथे आपल्याला बसूच दिले गेले नव्हते. आज डॅलसच्या न्यायालयात एखादा स्थलांतरित दुकानदार किंवा ट्रकचालक आरोपी म्हणून उभा असेल आणि त्याच्या बोलण्याची ढब, त्याचा संकोच ओळखू शकणारा एकही माणूस समोरच्या बारा जणांत नसेल, तर त्याचे एक कारण असेही असू शकते की, ज्यांना बसायला मिळत होते त्यांनी इंग्रजी कच्चे असल्याचे लिहून दिले. गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरवायला ज्यूरीतील सगळ्यांचे एकमत व्हावे लागते, असे 2020 पासून तिथल्या सगळ्या राज्यांना बंधनकारक झाले आहे. टेक्सासमध्ये तर आरोपीने तसे निवडले असेल तर शिक्षा किती द्यायची हेही ज्यूरीच ठरवते. एका माणसाच्या मताला इतके वजन असलेली जागा सामान्य नागरिकाला क्वचितच मिळते.

एक पथ्य तुमच्यासाठीही आहे. मुलगा ज्यूरीवर बसला, तर खटला संपेपर्यंत त्याला त्याविषयी फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर काहीही विचारू नका. घरच्यांशीही खटल्याबद्दल बोलायचे नाही आणि इंटरनेटवर त्याविषयी काही शोधायचे नाही, अशी ताकीद ज्यूरीला दिलेली असते. आणि 'तुम्ही ज्यूरीला गैरहजर राहिलात, अटकेचे वॉरंट निघाले आहे, ताबडतोब पैसे भरा' असा फोन त्याला आला, तर तो भामट्याचा आहे असे समजावे. आपल्याकडे 'डिजिटल अटके'च्या नावाने जे चालते, त्याचाच हा तिकडचा प्रकार आहे. न्यायालय फोनवरून दंड गोळा करत नाही.

प्रश्न : भारतात पूर्वी ज्यूरी होती आणि नानावटी खटल्यामुळे ती बंद झाली, असे ऐकले आहे. हे खरे आहे का, आणि ती पुन्हा आणावी असे आपल्याला वाटते का?
— विधी शाखेची विद्यार्थिनी, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : अर्धे खरे आहे. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी 27 एप्रिल 1959 रोजी मुंबईत प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांना तो निर्णय पटला नाही म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे जन्मठेप झाली आणि 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. वृत्तपत्रांनी उठवलेल्या गदारोळाचा ज्यूरीवर परिणाम झाला, ही टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. परंतु ज्यूरी काढून टाकावी अशी शिफारस विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात 1958 सालीच, म्हणजे गोळी झाडली जाण्याच्या आधीच केली होती. नानावटी खटल्यानंतरही काही ठिकाणी ज्यूरीपुढे खटले चालले, आणि 1 एप्रिल 1974 रोजी अमलात आलेल्या 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच ठेवली गेली नाही. त्याआधी बऱ्याच जिल्ह्यांत सत्र न्यायाधीशांबरोबर असेसर, म्हणजे सल्ला देणारे नागरिक, बसत; त्यांचे मत न्यायाधीशांवर बंधनकारक नसे, आणि ती पद्धत 1955 सालीच बंद झाली. पारशी समाजाच्या वैवाहिक दाव्यांत मात्र समाजातले पाच प्रतिनिधी न्यायाधीशांबरोबर बसण्याची तरतूद अजूनही आहे.

पुन्हा आणावी असे मला वाटत नाही. आपल्याकडे न्यायाधीशाला निकालपत्रात कारणे लिहावी लागतात आणि त्या कारणांवर अपिलात बोट ठेवता येते. ज्यूरी कारणे देत नाही. जातीपातीचे ताण आणि खटले लांबण्याची आपली रीत पाहता, बारा माणसांना महिनोन्‌महिने बाहेरच्या दबावापासून दूर ठेवणे जमेल, असा भरवसा वाटत नाही. मात्र ज्यूरी गेली म्हणून सामान्य नागरिकाचा न्यायदानातला सहभाग संपला, अशी जी समजूत आहे ती चुकीची आहे. तो सहभाग पंच आणि साक्षीदार या रूपाने रोज चालू असतो, आणि तोच टाळण्याकडे आपला कल असतो. पुढचे पत्र त्याचेच आहे.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. शेजारच्या गोदामात चोरी झाली आणि पोलिसांनी मला पंच म्हणून यायला सांगितले. मी लग्नाला निघालो आहे असे सांगून वेळ मारून नेली. खरे कारण असे की, माझ्या मावसभावाने पूर्वी एका पंचनाम्यावर न वाचता सही केली होती, आणि सगळे विसरून गेल्यावर त्याच्या घरी न्यायालयाचे वॉरंट आले. आमची घरची भाषा तेलुगू आहे. मला मराठी बोलता येते, पण हाताने भराभर लिहिलेले वाचताना अडखळायला होते. आता पोलीस पुन्हा बोलावतील असे वाटते. मला नकार देता येतो का? आणि गेलोच, तर काय काळजी घ्यावी?
— एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : आधी कायद्याचे सांगतो. झडतीच्या वेळी त्या वस्तीतील दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलवावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 103 सांगते. हीच तरतूद 1 जुलै 2024 पूर्वी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 मध्ये होती. लेखी आदेश हातात दिल्यानंतरही सबळ कारणाशिवाय नकार दिला, तर तो गुन्हा ठरतो आणि त्याला एक महिन्यापर्यंत साध्या कैदेची किंवा दंडाची शिक्षा होऊ शकते. म्हणजे 'ओ शेठ, जरा या' असे तोंडी म्हटल्यावर तुम्ही गेला नाहीत, एवढ्याने तुम्ही गुन्हेगार होत नाही. ही फट आहे, आणि तुम्ही विचारले म्हणून ती सांगितली. तिचा फायदा घ्यावा असे मात्र मी म्हणणार नाही.

शेजारपाजारच्या सगळ्यांनी लग्ने आणि आजारपणे पुढे केली की पोलीस काय करतात, हे न्यायालयात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते नेहमीचा माणूस आणतात. चहाच्या गाडीवरचा, ठाण्याबाहेर अर्ज लिहून देणारा, पोलिसांना नाही म्हणू न शकणारा कोणीतरी. खटला उभा राहिला की बचाव पक्षाचे वकील त्याला पहिल्यांदा हेच विचारतात की, याआधी तुम्ही किती प्रकरणांत पंच होतात, आणि तुमचे पोट कशावर चालते. अशा ठरलेल्या पंचाच्या साक्षीकडे न्यायालय संशयाने पाहते, आणि ते बरोबरच आहे. नुकसान दोन्ही बाजूंनी होते : चोरी खरी असेल तर चोर सुटतो, आणि जप्ती खोटी असेल तर ती खोटी आहे हे सांगणारा माणूसच तिथे नसतो. पंच पोलिसांच्या मदतीसाठी असतो असा समज आपल्याकडे घट्ट आहे. वास्तविक ही तरतूद आरोपीच्या रक्षणासाठी आहे. पोलिसांनी वस्तू सापडली असे लिहिले आणि ती खरोखर सापडली, हे पाहणारा बाहेरचा माणूस म्हणजे पंच. गंभीर गुन्ह्यांत शासकीय कर्मचाऱ्यांना पंच म्हणून घेण्याची पद्धत आता महाराष्ट्रात रुळली आहे, त्यामागे हीच अडचण आहे. पण साध्या चोरीच्या पंचनाम्याला तुमच्यासारखा शेजारीच लागतो.

जायचे ठरवल्यावर काळजी घ्यायची ती सहीची. पंचनामा आधीच लिहून ठाण्यात तयार ठेवला असेल आणि तुम्हाला केवळ सहीसाठी बोलावले असेल, तर सही करू नका. मी जागेवर नव्हतो, असे स्पष्ट आणि सौम्य शब्दांत सांगा. कोऱ्या कागदावर सही करण्याचा प्रश्नच येत नाही. जागेवर गेल्यावर घाईने कोपऱ्यात उभे राहू नका. कुलूप तोडलेले आहे की कडी उचकटली आहे, माल कुठल्या बाजूचा गेला, पोलिसांनी कोणती वस्तू कोठून उचलली, ती कशात गुंडाळली, लाखेची मोहर लावली का, तुमच्या सहीची चिठ्ठी त्या पाकिटावर चिकटवली का, हे सगळे डोळ्यांनी पाहा. पंचनामा सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ त्यात असते, ती घड्याळाशी ताडून पाहा. आता झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे कलम 105 नुसार बंधनकारक आहे आणि ते मोबाइलवर करता येते. ते चालू आहे ना, हे विचारायला संकोच करू नका.

भाषेची अडचण तुम्ही लिहिली, ते फार बरे झाले, कारण शहराच्या पूर्व भागातील कितीतरी जण याच अडचणीमुळे मागे सरतात आणि तसे बोलून मात्र दाखवत नाहीत. सोलापुरात तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरभाषा असलेले पंच ही काही नवलाची गोष्ट नाही. लिहिलेले सावकाश वाचून दाखवायला सांगा, न कळलेला शब्द विचारा, गरज वाटली तर तेलुगूत समजावून घ्या, आणि 'पंचनामा वाचून दाखविला, समजला व बरोबर आहे' अशा अर्थाचे वाक्य शेवटी आहे ना ते पाहून, त्याच्याखालीच सही करा. मजकूर आणि सही यांच्यात मोकळी जागा राहू देऊ नका. पुढे न्यायालयात 'तुम्हाला मराठी वाचता येते का' हा प्रश्न येणारच. येत नाही, पण वाचून दाखवले होते आणि मी स्वतः पाहिले होते, हे उत्तर पुरेसे आहे. साक्षही तेलुगूत देण्याची विनंती करता येते. दुभाष्याची व्यवस्था करणे हे न्यायालयाचे काम आहे.

घरी आल्यावर त्याच दिवशी आपल्या वहीत तारीख, ठिकाण, पोलीस ठाणे आणि पाहिलेल्या चार गोष्टी लिहून ठेवा. तुमच्या मावसभावाला जो त्रास झाला, त्याचे मूळ बहुधा दोन गोष्टींत असावे : आपण कशावर सही केली हे त्याला ठाऊक नव्हते, आणि वॉरंटच्या आधी आलेले समन्स त्याच्यापर्यंत पोहोचले नाही किंवा त्याने ते बाजूला ठेवले. साक्षीदाराला सहसा आधी समन्स येते. ते घेऊनही गैरहजर राहिल्यावर जामीनपात्र आणि पुढे अजामीनपात्र वॉरंट निघते. पत्ता किंवा मोबाइल क्रमांक बदलला, तर ठाण्याला कळवून ठेवा. तारखेला जाता येणार नसेल, तर सरकारी वकिलांच्या कार्यालयात आधी अर्ज द्या. न्यायालयात जाण्यायेण्याचा भत्ता मागता येतो. तो रिक्षाच्या भाड्यापुरताही पुरतो की नाही, हा प्रश्न मी मोकळाच ठेवतो.

साक्षीच्या वेळी जे आठवत नाही त्याला 'आठवत नाही' असेच उत्तर द्या. काही वर्षांनी घडलेले सगळे तंतोतंत सांगणारा पंच वकिलांना आणि न्यायाधीशांनाही पढवलेला वाटतो. आपली सही ओळखणे, आपण जागेवर होतो हे सांगणे आणि आपल्यासमोर काय उचलले गेले ते सांगणे, एवढेच पंचाचे काम आहे. एक मात्र लक्षात ठेवा : मधल्या काळात आरोपीच्या माणसांनी ओळख काढून 'शेठ, तुमचे काय जाते' असे म्हटले आणि तुम्ही पिंजऱ्यात उभे राहून सही माझी आहे पण मी काहीच पाहिले नाही असे सांगितले, तर त्याला फितूर होणे म्हणतात. शपथेवर खोटी साक्ष देण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. धमकी आली, तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. ही योजना सर्वोच्च न्यायालयाने 5 डिसेंबर 2018 रोजी मान्य केली आणि नव्या संहितेनेही राज्यांवर तशी योजना करण्याची जबाबदारी टाकली आहे.

पंच म्हणून खरोखरच जाऊ नये अशा वेळाही असतात. गोदामाचा मालक तुमचा नातेवाईक किंवा भागीदार असेल, त्याच्याशी तुमचा व्यवहारातला वाद चालू असेल, किंवा ज्याच्यावर संशय आहे तो तुमचाच कामगार असेल, तर पोलिसांना ते तिथेच सांगा आणि दुसरा पंच घ्यायला सांगा. लग्नाचे निमित्त करण्यापेक्षा हे सांगणे सोपे असते, आणि ते नोंदवून घेण्यास अधिकाऱ्यालाही अडचण नसते, कारण असा पंच पुढे त्याच्याच प्रकरणाला जड जाणार असतो.

प्रश्न : पुणे रस्त्यावर मोहोळजवळ अपघात पाहिला. थांबावेसे वाटले, पण साक्षीला चकरा माराव्या लागतील या भीतीने गाडी पुढे नेली. अशा वेळी थांबले, तर साक्ष द्यावीच लागते का?
— एक वाचक, बाळीवेस, सोलापूर

उत्तर : लागत नाही. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आले. तुम्ही जखमीला रुग्णालयात नेले, तर पोलीस किंवा रुग्णालय तुम्हाला नाव, पत्ता किंवा फोन क्रमांक देण्याची सक्ती करू शकत नाही, तुम्हाला तिथे अडकवून ठेवू शकत नाही आणि उपचाराचा खर्चही मागू शकत नाही. स्वखुशीने साक्षीदार व्हायचे ठरवले, तर तुमचा जबाब तुमच्या सोयीच्या ठिकाणी, घरी किंवा कामाच्या जागी, आणि एकाच बैठकीत पूर्ण घ्यावा, असा नियम आहे. जबाब लिहून घेतल्यावर त्याच्याखाली सही मागितली, तर ती द्यायची नसते. तपासात पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेऊ नये, असे कायद्यातच आहे. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक फिरवावा.